खारे पाणी, फुकटचे ऊन आणि आपण

(अकोला जिल्ह्यात कार्यकर्त्यांचा अभ्यासवर्ग झाला. त्यात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. – संपादक)



सौर ऊर्जेने पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीवर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकार दिला. मी पदार्थविज्ञानाचा माणूस नाही. आयुष्यभर मी मागणी, पुरवठा, भांडवल आणि घसारा एवढेच शिकवीत आलो. परंतु काल संध्याकाळी येथे पोहोचल्यावर ज्या घरी मी उतरलो, त्या घराच्या अंगणात पाण्याने भरलेली विहीर होती आणि ओसरीवर विकत आणलेला वीस लिटरांचा जार होता. घरच्या माउलीने मला जारमधले पाणी दिले आणि स्वतःसाठी हंड्यातले घेतले. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “पाहुण्याला खारं कसं द्यावं?” भरलेली विहीर आणि विकतचा घोट यांच्यामधले जे अंतर आहे ते अर्थशास्त्राच्या कक्षेतलेच आहे, असे मला वाटले. म्हणून आज उभा आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा तुम्हांला मी सांगावा असे नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून तो गेला आहे. सातपुड्यावरून उतरलेल्या गाळाचे थरावर थर येथे साचले, त्यांतील क्षार त्यांतच राहिले, वरची काळी चिकण माती पाण्याचा निचरा होऊ देत नाही. परिणामी विहीर खोल खणली तरी पाणी गोडे होत नाही. दुष्काळी मुलखाचे दुःख पाणी नसण्याचे असते. तुमचे दुःख असलेले पाणी तोंडात धरवत नाही, हे आहे. आणि वर आकाशात सूर्य एवढा प्रखर की मे महिन्यात अकोल्याचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापला जातो. खारे पाणी विपुल आहे, ऊनही विपुल आहे. या दोहोंची गाठ घालता येईल काय, हा आजचा प्रश्न.

तत्त्व अगदी साधे आहे. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब दिसतात. ते थेंब म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ, फ्लोराइड, नायट्रेट ही मंडळी खाली राहतात, पाणी तेवढे वर जाते आणि थंड पृष्ठभागावर पुन्हा पाणी होते. ज्या गावात हातभट्टी लागते, त्या गावाला ही विद्या कोणी शिकवायला नको! फरक इतकाच की येथे सरपणाच्या जागी ऊन आहे. एक उथळ, आतून काळे केलेले पात्र घ्यावयाचे. त्यात दोन-तीन सेंटिमीटर खारे पाणी भरावयाचे. त्यावर दक्षिणेकडे उतरती काच हवाबंद बसवावयाची. ऊन काचेतून आत येते, काळा तळ ते शोषून घेतो, पाणी तापते, वाफ काचेला आतून लागते आणि थेंब उतारावरून ओघळून कडेच्या पन्हळीत येतात. काच अगदी आडवी ठेवली तर थेंब पुन्हा खाऱ्या पाण्यातच पडतात, म्हणून उतार हवा. फटीतून वाफ निसटली तर दिवसभराचे ऊन फुकट जाते, म्हणून सांधे घट्ट हवेत. पात्रात उरलेले दाट खारे पाणी एक-दोन दिवसांनी काढून टाकावे लागते. यापलीकडे यात गुंतागुंत नाही. फिरणारा एकही भाग नाही.

ही कल्पना नवी आहे, असे कोणी समजू नये. १८७२ साली दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामा वाळवंटात, लास सालिनास येथे चार्ल्स विल्सन नावाच्या स्वीडिश अभियंत्याने असे केंद्र उभारले. लाकडी पात्रे, वर सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काच आणि रोजचे उत्पादन वीस हजार लिटरांहून अधिक. तेथले मूळ पाणी समुद्राच्या पाण्याहून कित्येक पट खारे होते. तरीही हे केंद्र काही दशके चालले. तो प्रदेश तेव्हा बोलिव्हियाचा होता. पुढे सोऱ्यावरच्या कराचे निमित्त होऊन १८७९ साली युद्ध पेटले आणि तो चिलीकडे गेला. आता हे पाणी कोणासाठी होते ते ऐका. ते होते सोऱ्याच्या खाणीसाठी, तेथल्या कामगारांसाठी आणि सोरा ओढणाऱ्या खेचरांसाठी. खेचर तहानेने मेले तर सोरा बंदरापर्यंत पोहोचत नाही आणि नफा थांबतो. म्हणून भांडवल गुंतविले गेले, काच आणली गेली, अभियंता नेमला गेला. दीडशे वर्षांपूर्वी नफ्याच्या हिशेबाने खेचराला जे पाणी मिळाले, ते आज नागरिकत्वाच्या हिशेबाने माणसाला का मिळू नये, एवढाच माझ्या भाषणाचा मथितार्थ आहे.

त्यानंतरही प्रयोग झाले. ग्रीसच्या पाट्मॉस बेटावर १९६७ साली ८,६०० चौरस मीटरचे केंद्र उभे राहिले. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९७८ साली भावनगरजवळच्या अवानिया गावात रोज सुमारे ५,००० लिटर पाणी देण्याच्या क्षमतेचे, सुमारे १,९०० चौरस मीटरचे केंद्र उभारले. म्हणजे ज्ञान परदेशातून आणावयाचे आहे असेही नाही. मग ही पात्रे गावोगाव का दिसत नाहीत? कोणी म्हणेल, सरकारची अनास्था. कोणी म्हणेल, बाटलीवाल्यांचे कारस्थान. ही उत्तरे सोपी आहेत. प्रथम आपण गणित करू, कारण गणित टाळून केलेला समाजवाद पहिल्याच उन्हाळ्यात वितळतो.

एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे पाऊण युनिटाच्या आतबाहेर, नेमके म्हणायचे तर ०.६५ युनिट उष्णता लागते. हा निसर्गाचा दर आहे. त्यात सवलत नाही. आपल्याकडे एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात सरासरी साडेपाच युनिट ऊन पडते. एक कणही वाया गेला नाही तर आठ लिटर पाणी मिळावयास हवे. प्रत्यक्षात काच काही ऊन परतविते, तळातून उष्णता जमिनीत जाते, बरीच हवेत जाते. हाती येते ते सरासरी तीन लिटर. उन्हाळ्यात चार-पाच, पावसाळ्यात एखादा. अवानियाचे आकडे तपासा, पाट्मॉसचे तपासा, उत्तर याच्या आसपासच येते.

आता एक हजार वस्तीचे गाव घ्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरांचे प्रमाण मानले आहे. ते सारे पाणी उन्हाने गाळावयाचे तर अठरा हजार चौरस मीटर काच लागेल, म्हणजे साडेचार एकर. हे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. आंघोळीला, भांड्यांना, गुरांना गाळलेले पाणी कशाला? पिण्यासाठी आणि अन्न शिजविण्यासाठी माणशी चार लिटर धरा. गावाला चार हजार लिटर. त्यासाठी सुमारे १,३५० चौरस मीटर, म्हणजे एकरभराचा तिसरा हिस्सा. यातही एक युक्ती आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, चवीला ते बेचव लागते. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर दोन भाग गाळलेल्या पाण्यात एक भाग विहिरीचे मिसळले की मिश्रणात ५०० मिलिग्रॅम राहतात. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मानलेली मर्यादा हीच आहे. काच लागली नऊशे चौरस मीटर. मात्र विहिरीचे जे पाणी मिसळायचे ते उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले असले पाहिजे. नाही तर वाफेने मागे ठेवलेले जंतू आपणच परत बोलावू.

खर्चाचा हिशेबही पाहू. आकडे मी गृहीत धरतो, तुम्ही स्थानिक दर घालून पुन्हा करा. समजा, एक चौरस मीटर पात्राला ६,००० रुपये पडले आणि ते दहा वर्षे टिकले. वर्षाचा घसारा ६०० रुपये. सरासरी गुंतलेल्या तीन हजारांवर आठ टक्क्यांनी व्याज २४० रुपये. दुरुस्ती आणि देखभाल २४० रुपये. एकूण १,०८०. वर्षातले तीनशे दिवस, रोज तीन लिटर, म्हणजे ९०० लिटर. लिटरला एक रुपया वीस पैसे. दुकानातल्या बाटलीपुढे हे नगण्य आहे. नळाच्या पाण्यापुढे मात्र फार महाग. ऊन फुकट असते हे खरे, पण काच फुकट नसते. ज्या वस्तूत इंधन फुकट आणि भांडवल महाग, तिची किंमत दोनच गोष्टी ठरवितात : व्याजाचा दर आणि वस्तू किती वर्षे टिकली.

या दुसऱ्या गोष्टीचा मला आलेला अनुभव सांगतो. माझ्या एका भौतिकशास्त्रज्ञ स्नेह्यासमवेत आम्ही एका शाळेच्या गच्चीवर अशी चार पात्रे बसविली होती. उद्घाटन थाटात झाले, मुलांनी प्रयोगवह्या भरल्या. पहिल्या वर्षी पाणी उत्तम मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा काचेवर बोटभर धूळ होती, पात्राच्या तळाला मिठाचा पांढरा थर धरला होता आणि एका सांध्याचे लांबी-पुट्टी निघून गेले होते. शिपाई म्हणाला, “माझ्या कामात ते लिहिलेलं नाही, सर.” त्याचे बरोबर होते. देखभालीसाठी आम्ही एक रुपयाही बाजूला ठेवला नव्हता आणि कोणाचेही नाव लिहिले नव्हते. ६,००० रुपयांचे पात्र एकाच वर्षात निकालात निघाले, तर लिटरची किंमत सहा-सात रुपयांवर जाते. काच फुटली नव्हती, सूर्यानेही दगा दिला नव्हता. आम्ही श्रमाची किंमत शून्य धरली होती, ती चूक आम्हांला भोवली. आणि ती चूक माझ्यासारख्या अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने करावी, याची लाज मला आजही वाटते.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे येतो. आपल्यातले तरुण विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की त्याच एक चौरस मीटर जागेवर विजेचे सौर पॅनेल ठेवले तर काय होईल? उत्तर सरळ आहे. त्यापासून दिवसाला सुमारे एक युनिट वीज मिळते आणि त्या विजेवर पडद्यातून पाणी दाबून शुद्ध करण्याची, ज्याला आपण आर. ओ. म्हणतो ती यंत्रणा विहिरीचे मचूळ पाणी शुद्ध करावयास बसविली, तर तीनशे लिटरांहून अधिक पाणी मिळू शकते. कोठे तीन आणि कोठे तीनशे! वाफ करणे ही निसर्गतःच खर्चिक क्रिया आहे. पडदा ती टाळतो. हे सत्य झाकून ऊर्ध्वपातनाचा पुरस्कार करणे म्हणजे कार्यकर्त्याने कार्यकर्त्याला फसविणे होय.

पण हिशेब येथे संपत नाही. पडदा ठरावीक काळाने बदलावा लागतो. पंप बिघडतो. त्याचा सुटा भाग शहरातून येतो, दुरुस्त करणारा शहरातून येतो आणि तो येईपर्यंत गाव पुन्हा खाऱ्या पाण्यावर येते. यंत्रणा बरेच पाणी अधिक खारे करून बाहेर टाकते. ते पाणी नाल्यात आणि शेतात सोडले तर आधीच क्षारांनी गांजलेल्या जमिनीवर आणखी क्षार. ऊर्ध्वपातन-पात्रातही दाट खारे पाणी उरतेच, परंतु ते थोडे असते, उथळ कुंडात वाळवून त्याचे मीठ करता येते. म्हणून माझे मत असे : ज्या मोठ्या गावात वीज आहे, कुशल कारागीर आहे, ग्रामपंचायतीच्या हाती पैसा आहे, तेथे पडदा वापरावा, पण यंत्रणा ग्रामपंचायतीच्या मालकीची असावी. जेथे पाच-दहा घरांची वस्ती आहे, शेतावरची झोपडी आहे, आडवळणाची शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र आहे, कच्छच्या छोट्या रणातल्या अगरियांसारखे सहा-आठ महिने ओसाडीत मीठ पिकविणारे कष्टकरी आहेत, तेथे फिरता भाग नसलेले पात्र अधिक उपयोगी. अगरियांचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. तेच ऊन, तेच खारे पाणी. मीठ मालाच्या रूपाने गाडीत भरून बाहेर जाते, वाफ आकाशात जाते आणि मीठ पिकविणारा माणूस पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहतो. बाजाराला मिठाची किंमत कळते, वाफेची कळत नाही.

आणखी एक सावधगिरी. गाळलेले पाणी सर्व दोषांवर उतारा नव्हे. मीठ, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यांपासून ते मुक्त असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत विहिरीत फ्लोराइड आहे आणि त्याने दात व हाडे बिघडतात, तेथेही ही पद्धत लागू पडते. परंतु जे पदार्थ पाण्याबरोबरच हवेत उडतात, उदाहरणार्थ काही कीटकनाशके आणि पेट्रोलचे अंश, ते वाफेबरोबर वर येऊ शकतात. म्हणून पाण्याची तपासणी आधी, यंत्र नंतर.

मित्रहो, आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे. सूर्याचे सर्वांत मोठे ऊर्ध्वपातन-केंद्र आपण पाहातच नाही. ते अरबी समुद्रावर चालते आणि त्याची पन्हळ दरवर्षी जूनमध्ये आपल्या घरावर उघडते. पाऊस म्हणजे सूर्याने गाळलेले पाणीच. या भागात वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरा. तीस चौरस मीटरच्या पक्क्या छपरावर एकवीस हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी सोळा हजारांच्या वर उरते. पाच माणसांच्या घराला पिण्या-शिजविण्यास वर्षभरात सुमारे सव्वासात हजार लिटर लागते. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी पाच हजार लिटरांची झाकलेली टाकी पुरेल. म्हणजे पहिली पायरी पात्राची नाही, टाकीची आहे. पात्र त्या घरांसाठी, ज्यांना पक्के छप्परच नाही, आणि त्या वर्षांसाठी, जेव्हा पाऊस दगा देतो. दुष्काळाच्या वर्षी टाकी कोरडी पडते, पण ऊन अधिकच कडक होते. टाकी आणि पात्र हे एकमेकांचे पूरक आहेत. शिवाय पावसाळ्यात पात्राची काच स्वतःच छप्पर होते. तिच्यावरचे पाणीही साठविता येते.

आता राजकारणाचा मुद्दा, कारण पाण्याचा प्रश्न शेवटी तेथेच येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले. तळे तेथे होतेच, पाणीही होते. प्रश्न होता त्यावर हक्क कोणाचा. त्या काळी जातीने माणसाला पाण्यापासून दूर ठेवले. ती भिंत अजून सर्वत्र पडली आहे असे मी म्हणत नाही. परंतु तिच्या शेजारी आज दुसरी भिंत उभी राहात आहे, ती पैशाची. ज्याच्या खिशात नाणे त्याला गोडे पाणी, ज्याच्या खिशात नाही त्याला विहीर. काल त्या माउलीने जे केले ते आतिथ्य होते, पण त्या आतिथ्याच्या मागे ही भिंत होती.

म्हणून सौर पात्राचा विचार करताना एका धोक्याकडे लक्ष वेधतो. उद्या एखादा अधिकारी म्हणेल, “तुम्हांला काचेची पेटी दिली आहे ना, मग नळयोजना कशाला?” गरिबाला स्वस्त यंत्र देऊन त्याचा हक्क रद्द करण्याची ही रीत जुनी आहे. ती आपण मान्य करता कामा नये. गोड्या पाण्याच्या उद्भवावरून नळाने पाणी आणणे हीच शासनाची मुख्य जबाबदारी आहे. या भागात ८४ खेडी योजनेचे नाव घरोघर ठाऊक आहे, ते याच कारणाने. ऊर्ध्वपातन ही त्या जबाबदारीला पर्याय नव्हे. नळ पोहोचेपर्यंतची, नळ आटल्यावरची आणि नळ कधीच पोहोचणार नाही अशा वस्तीची ती सोय आहे.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? तीनच कामे सांगतो. पहिले, आपल्या गावातल्या प्रत्येक पाणवठ्याचे पाणी तपासून घ्या आणि आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचा. पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क हा पाण्याच्या हक्काचा पहिला भाग आहे. दुसरे, नवे छप्पर पडेल तेथे टाकी मागा, आणि शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र येथे पात्रे मागा. मात्र पात्रांबरोबर काच पुसणाऱ्या, मीठ काढणाऱ्या, सांधे बुजविणाऱ्या माणसाची मजुरी अंदाजपत्रकात लिहून घ्या. ते लिहिलेले नसेल तर पात्र नाकारा. ते काम गावातल्या भूमिहीन बाईला मिळाले तर पाणीही मिळेल आणि घरात पैसाही येईल. तिसरे, मालकी. पाण्याचे यंत्र कोणतेही असो, ते गावाचे असावे, त्याचा हिशेब गावाच्या फळ्यावर लागावा.

माझ्या त्या चार पात्रांपैकी दोन मी घरी आणली. दर सकाळी मी स्वतः काच पुसतो. निवृत्त माणसाला एवढे काम झेपते. हिवाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक, पण पाणी येते. शेजारी हसतात की प्राध्यापक चार बादल्या उन्हात ठेवून बसले आहेत. त्यांचे हसणे मी मनावर घेत नाही. त्या शिपायाचे वाक्य मात्र विसरत नाही. “माझ्या कामात ते लिहिलेलं नाही.” गोडे पाणी पिण्याचा हक्क कोणाच्या तरी कामात लिहिला गेला पाहिजे. ते लिहवून घेणे, हे आपल्या कामात लिहिलेले आहे.